‘काही लोक म्हणतील…’ या वाक्याला दोन गुण का द्यायचे?

गेल्या महिन्यात माझ्या पायलटचे निबंध तपासून झाले. शेवटचा गठ्ठा बांधताना लक्षात आलं, की आपली रुब्रिकच गंडली आहे.

रुब्रिक म्हणजे गुणदानाची चौकट. कशाला किती गुण द्यायचे हे तपासायला बसण्याआधीच ठरवून ठेवलेला तक्ता. माझा विषय नववीच्या मुलांचं ‘पटवून देणारं’ लेखन. त्यासाठी मी दहा गुणांची चौकट केली होती: भूमिका स्पष्ट असण्याला २, कारणांना ३, उदाहरणांना २, विरोधी मुद्दा आणि त्याचा प्रतिवाद यांना मिळून २, समारोपाला १. दिसायला अगदी नीटस. निबंधाचा विषय होता, ‘शाळेत मोबाईल आणायला परवानगी असावी का?’

दोन निबंधांबद्दल सांगते.

पहिला निबंध परवानगी असावी असं पहिल्याच ओळीत म्हणतो. मग तीन कारणं येतात: माहिती मिळते, सुरक्षितता राहते, काळाबरोबर चालता येतं. मग हे वाक्य: “काही लोक म्हणतील की मोबाईलमुळे अभ्यासाचं नुकसान होतं. पण हे म्हणणं साफ चुकीचं आहे. आजचं युग हे विज्ञानाचं युग आहे.” शेवटी समारोप. मी दिले ९.

दुसरा निबंध एका मुलीचा. तिनं सुरुवात केली परवानगी नसावी अशी. मग लिहिलं की आमच्या घरी एकच मोबाईल आहे, तो बाबा कामावर घेऊन जातात, त्यामुळे शाळेतून आल्यावर ऑनलाइन दिलेला अभ्यास बघता येत नाही. म्हणजे शाळेतच मिळाला तर बरं. मग पुढे, पण प्रत्येकानं आपापला आणायचा म्हटलं तर ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करायचं? शेवटी ती येऊन थांबते ती इथे: शाळेनंच वर्गात चार-पाच ठेवावेत, काम झालं की परत घ्यावेत, घरून कुणी आणू नये. मी दिले ५. भूमिका पहिल्या परिच्छेदात नाही, मधेच बदलते, म्हणून शून्य. विरोधी मुद्दा मांडणारं वाक्य सापडलं नाही, म्हणून शून्य. वेगळा समारोप नाही, म्हणून तिथंही शून्य.

दुसरी तपासनीस माझी मैत्रीण. तिनं माझे गुण न बघता त्याच रुब्रिकनं तपासलं आणि तिचेही ९ आणि ५ आले. आम्ही खूश. एकमत छान जुळतंय! गाईड मॅडमनी दोन्ही निबंध वाचले, तक्ता बाजूला सारला आणि एवढंच विचारलं, “विचार कुणी केलाय यात?”

उत्तर द्यायला वेळ लागला नाही, आणि तेच लागलं मनाला.

ही पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे. शाळकरी मुलांना पटवून देणारं लेखन शिकवण्यावर जे नावाजलेलं संशोधन आहे, ते मी परत एकदा वाचून काढलं. या वेळी ‘कोणती पद्धत चालते?’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि ‘यांनी मोजलं काय?’ एवढंच बघत गेले. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा रिव्ह्यूचं प्रकरण लिहायला घेतलंय, त्यांना ही वाचायची पद्धत उपयोगी पडेल असं वाटतं.

रुब्रिक आली कुठून?

खरं सांगायचं तर मी ती शोधून काढली नव्हती, उचलली होती. या क्षेत्रात कुणीही रिव्ह्यू लिहायला बसलं की पहिलं नाव येतं ग्रॅहम आणि पेरिन यांचं. २००७ साली त्यांनी अमेरिकेत चौथी ते बारावीच्या लेखन-अध्यापनावरचे प्रयोग एकत्र करून एक मेटा-विश्लेषण केलं. त्याचं शिक्षकांसाठीचं रूप म्हणजे ‘रायटिंग नेक्स्ट’ हा अहवाल. त्यात लेखन शिकवण्याचे अकरा घटक आणि प्रत्येकाचा परिणाम किती, याचा आकडा दिलेला आहे. लेखनाच्या पायऱ्या, म्हणजे स्ट्रॅटेजी, शिकवणं: ०.८२. लेखनासाठी ठरावीक उद्दिष्टं देणं: ०.७०. चांगले नमुने अभ्यासायला देणं: ०.२५. आणि सुटं व्याकरण शिकवणं: उणे ०.३२.

हे आकडे म्हणजे परिणामाचा आकार, इफेक्ट साइज. प्रयोगातला गट आणि तुलनेचा गट यांच्या सरासरीतला फरक, गुणांच्या पसरटपणानं भागलेला. ०.७० म्हणजे साधारण असं समजा, की प्रयोगातला मधला विद्यार्थी तुलनेच्या गटात नेऊन बसवला तर तो शंभरातल्या ७५-७६ जणांच्या पुढे असेल. शिक्षणातल्या प्रयोगांत हा आकडा चांगलाच मोठा.

मला ‘ठरावीक उद्दिष्टं’ हा घटक आवडला, कारण तो स्वस्त आहे. शाळेला काही विकत घ्यावं लागत नाही, शिक्षकांना मोठं प्रशिक्षण लागत नाही. विषयाखाली चार ओळी जास्त लिहायच्या, बस्स. अहवालात या घटकाचं उदाहरण आहे तेही पटवून देणाऱ्या लेखनाचंच. मुलांना सांगायचं की तुमचं मत लिहा, दोन-तीन कारणं द्या, प्रत्येक कारणाला उदाहरण किंवा आधार द्या, इतरांना हे का पटणार नाही याची दोन-तीन कारणं लिहा, आणि ती कारणं चुकीची का आहेत ते लिहा.

माझी रुब्रिक म्हणजे जवळजवळ हीच यादी. मी फक्त प्रत्येक ओळीपुढे गुण लिहिले.

आता शेवटची सूचना परत वाचा. इतरांची कारणं चुकीची *का* आहेत. ती चुकीची आहेत हे आधीच ठरलं आहे! मुलानं फक्त कारण पुरवायचं. समोरच्याचा मुद्दा अर्धा बरोबर असेल तर? त्यामुळे माझं मत थोडं बदलावं लागत असेल तर? या यादीत त्याला जागाच नाही. त्या मुलीचा निबंध माझ्या तक्त्यात बसला नाही याचं मूळ इथे आहे.

आक्षेप घेण्याआधी मूळ प्रयोग वाचा

या उदाहरणामागचा प्रयोग फेरेट्टी, मॅकआर्थर आणि डाउडी यांचा, २००० सालचा. चौथी आणि सहावीची मुलं, त्यात अध्ययन-अक्षमता असलेलीही आणि नसलेलीही. चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलेली. एका गटाला फक्त ‘पटवून द्या’ असं सामान्य उद्दिष्ट, दुसऱ्याला वरच्यासारखी तपशीलवार यादी. सहावीच्या मुलांत यादी मिळालेल्यांचं लेखन जास्त पटणारं ठरलं आणि त्यात वेगळ्या बाजूची दखलही जास्त होती.

माझ्या वहीत मी यावर लगेच आक्षेप लिहून ठेवला होता: ‘जे लिहायला सांगितलं तेच मोजलं, मग वाढ दिसणारच.’ असे आक्षेप लिहिताना फार हुशार वाटतं. पण परत वाचल्यावर तो जसाच्या तसा ठेवता येईना. घटक मोजण्याबरोबर लेखन एकूण किती पटतं याचाही त्यांनी स्वतंत्र विचार केला होता. ग्रॅहम आणि पेरिन यांनीसुद्धा मेटा-विश्लेषणात घटकांची मोजणी न घेता लेखनाचा एकूण दर्जा हाच निकष धरला आहे. म्हणजे माझा सोपा आक्षेप अर्धा गळून पडला.

उरला तो असा. एकूण दर्जा ठरवणारा तपासनीसही कुठल्या तरी शाळेतून शिकूनच आलेला असतो. ‘चांगला निबंध’ म्हणजे पहिल्या परिच्छेदात भूमिका, मधे तीन मुद्दे आणि शेवटी समारोप, हा साचा त्याच्या डोक्यात पक्का असेल तर ‘एकूण दर्जा’ या नावाखाली तो साच्यालाच गुण देणार. माझं आणि मैत्रिणीचं तेच झालं होतं. आमचं एकमत खरं होतं, पण ते कशावर होतं? सांगितलेली वाक्यं सांगितलेल्या जागी आहेत का, एवढ्यावर. दोन तपासनिसांचं जुळतं याला विश्वसनीयता म्हणतात. जे मोजायचं ठरवलं तेच मोजलं जातंय का, याला सप्रमाणता म्हणतात. पेटच्या तयारीत या दोन व्याख्या आपण सगळ्यांनी पाठ केलेल्या असतात. मला त्यातला फरक ९ आणि ५ या दोन आकड्यांनी शिकवला.

दुसरा आक्षेप मात्र मी ठेवला. ०.७० हा आकडा चौथी ते बारावीच्या अहवालात येतो, आणि आपण तो नववी-दहावीच्या शिक्षकांपुढे बिनदिक्कत ठेवतो. पण ज्या प्रयोगाचं उदाहरण आपण पुढे करतो त्यातली मुलं चौथी आणि सहावीची आहेत, आणि त्या दोन इयत्तांतसुद्धा परिणाम सारखा नाही. दहा वर्षांच्या मुलाला ‘इतरांना काय वाटेल तेही लिही’ हे सांगणं ही मोठी पायरी आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला तेच सांगितलं तर तो ते वाक्य टाकून मोकळा होतो. वय बदललं की तीच सूचना वेगळं काम करते. म्हणून मेटा-विश्लेषणातला आकडा उचलण्याआधी तो कुणावरून आला हे बघायला हवं. मी ते बघितलं नव्हतं.

‘पटवून द्या’ म्हटलं की काय होतं?

आता या सगळ्यात मला सर्वात अडचणीत टाकणारा लेख. नसबाम आणि कार्डॅश, २००५. त्यांचे सहभागी विद्यापीठातले विद्यार्थी होते, शाळेतले नाहीत, हे आधीच सांगते. विषय होता टीव्ही बघण्यामुळे मुलं जास्त हिंसक होतात का. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या सूचना देऊन लिहायला लावलं. विरोधी मुद्दे लिहा आणि त्यांना उत्तर द्या असं स्पष्ट सांगितलं की ते मुद्दे लेखनात येतात, हे अपेक्षितच. पण ‘वाचकाला पटवून द्या’ हे उद्दिष्ट दिलं की विरोधी मुद्दे *कमी* होताना दिसले.

आधी विचित्र वाटतं. मग आपली वक्तृत्व स्पर्धा आठवून बघा. आपल्याला पटवायचं आहे, मग दुसऱ्याची बाजू आपणच कशाला काढायची? झाकली मूठ सव्वा लाखाची! विद्यार्थ्यांचं हे गणित चुकीचंही नाही. मन वळवणाऱ्या संदेशांवरच्या संशोधनाचं मेटा-विश्लेषण ओकीफ यांनी १९९९ मध्ये केलं. त्यात असं दिसतं, की विरोधी बाजू मांडून तिला उत्तर दिलं तर संदेश एकतर्फी संदेशापेक्षा जास्त पटतो. पण विरोधी बाजू नुसती मांडून सोडून दिली तर तो एकतर्फी संदेशापेक्षाही कमी पटतो. म्हणजे नीट उत्तर देता येणार नसेल तर गप्प राहणं हा पटवण्याच्या दृष्टीनं शहाणपणाचाच निर्णय.

इथे मला माझ्या संशोधनाच्या शीर्षकाशीच भांडावं लागतंय. ‘पटवून देणारं लेखन’ शिकवायचं आणि त्यातून मुलं दुसऱ्याची बाजू समजून घ्यायला शिकतील अशी आशा ठेवायची, ही दोन उद्दिष्टं एकमेकांच्या पायात पाय घालू शकतात. अमेरिकेत २०१० साली आलेल्या कॉमन कोअर मानकांत ‘पटवणं’ आणि ‘युक्तिवाद करणं’ यांत फरक करून वजन दुसऱ्याला दिलं आहे. तिथे सातवीला विरोधी दाव्याची दखल घ्यायला सांगितलं जातं. नववी-दहावीला पोचेपर्यंत दोन्ही दावे न्यायानं मांडून दोन्हींची ताकद आणि मर्यादा दाखवायची अपेक्षा आहे. ‘दोन्हींची’ हा शब्द महत्त्वाचा, कारण त्यात स्वतःच्या दाव्याची मर्यादाही आली. माझ्या रुब्रिकमध्ये स्वतःच्या बाजूची मर्यादा लिहिण्याला किती गुण होते? शून्य. उलट ‘भूमिका डळमळीत’ म्हणून मी गुण कापले असते.

मानकं कागदावर लिहिली म्हणून वर्गात तसंच होतं असं नाही, ते तुम्हाला-मला दोघांनाही माहीत आहे. पण मोजायचं काय, याचा विचार तिथे एक पायरी पुढे गेलेला दिसतो, एवढं मान्य करायला हरकत नसावी.

एका शब्दाचा प्रवास

‘प्रतिवाद’ हा घटक रुब्रिकमध्ये घालताना मी खाली टूलमिनचं नाव टाकलं होतं. या विषयावरच्या बऱ्याच प्रबंधांत असतं तसंच. स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञानं १९५८ च्या आपल्या पुस्तकात युक्तिवादाची सहा अंगं सांगितली: दावा, आधार, आधारापासून दाव्यापर्यंत नेणारा दुवा, त्या दुव्याचं पाठबळ, ‘बहुधा’सारखा मर्यादा घालणारा शब्द, आणि सहावं अंग ‘रिबटल’.

त्याचं प्रसिद्ध उदाहरण असं. हॅरीचा जन्म बर्म्युडाचा, म्हणून तो बहुधा ब्रिटिश प्रजाजन आहे. मात्र त्याचे आई-वडील दोघेही परदेशी असतील तर नाही. यातलं ‘मात्र… तर नाही’ हे टूलमिनचं रिबटल. म्हणजे माझा दावा कुठल्या परिस्थितीत लागू पडणार नाही, हे मीच सांगणं. अपवादाची जागा मोकळी ठेवणं.

शाळेच्या रुब्रिकमध्ये येईपर्यंत या शब्दाचा अर्थ पार फिरला. तिथे रिबटल म्हणजे विरोधकाला दिलेलं उत्तर, त्याचं खंडन. एकात मी माझ्या दाव्याला मर्यादा घालते, दुसऱ्यात मी समोरच्याचा दावा पाडते. दिशाच उलटी! शब्दांचे अर्थ बदलतात, त्यात गैर काही नाही. पण टूलमिनचं नाव देऊन आपण नेमकी त्याच्या उलट गोष्ट मोजत असलो तर व्हायवात कुणी तरी विचारणारच. माझ्या सादरीकरणात सुदैवानं कुणी विचारलं नाही. आता मीच सांगून टाकते.

आणि त्या मुलीचं वाक्य आठवा: ‘पण प्रत्येकानं आपापला आणायचा म्हटलं तर ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करायचं?’ टूलमिनच्या अर्थानं हे शंभर टक्के रिबटल आहे. मी शून्य दिलं होतं.

समोर खरा माणूस असेल तर

मग करायचं काय? इथे मला डिॲना कून आणि अमांडा क्रोवेल यांचा २०११ चा लेख सर्वात जवळचा वाटतो. त्यांनी सहावी ते आठवी अशी तीन वर्षं मुलांबरोबर काम केलं. मुलं आपल्याच मताच्या जोडीदाराबरोबर बसायची आणि विरुद्ध मताच्या जोडीशी संगणकावर लिहून वाद घालायची. समोरचे काय म्हणतात ते पडद्यावर शब्दशः दिसतंय, त्याला दोघांनी मिळून उत्तर शोधायचं. विषयामागून विषय, असं चालू. तुलनेच्या गटात नेहमीसारखी संपूर्ण वर्गाची चर्चा, आणि निबंधलेखनाचा सराव उलट जास्त.

शेवटी दोन्ही गटांनी नव्या विषयावर निबंध लिहिले. मोजताना फक्त आपली बाजू मांडणारे, दोन्ही बाजूंची दखल घेणारे, आणि दोन्ही बाजूंचे गुणदोष एकत्र तोलणारे असे प्रकार पाडले. वाद घातलेला गट पुढे होता. निबंध कमी लिहूनही!

मला यात दोन गोष्टी आवडतात. पहिली, मोजपट्टी. ‘विरोधी मुद्दा आहे/नाही’ यावर न थांबता त्या मुद्द्याचं लेखकानं पुढे काय केलं हे बघितलं. दुसरी, ‘काही लोक म्हणतील’मधले ते ‘काही लोक’ इथे खरे आहेत. समोरच्या बाकावर बसले आहेत. त्यांचा मुद्दा मोडून-तोडून लिहिला तर ते लगेच म्हणणार, ‘आम्ही असं म्हटलंच नव्हतं.’ निबंधात हे म्हणायला कुणी नसतं.

कौतुक झालं, आता शंका. तीन वर्षांचा कार्यक्रम आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वर्ग. वर्ग थोडे असले की पद्धतीचा परिणाम कुठे संपतो आणि त्या वर्गाचा, त्यातल्या मैत्र्यांचा, शिक्षकांचा परिणाम कुठे सुरू होतो हे वेगळं काढणं अवघड. शिवाय एवढं सगळं एकत्र बदललं आहे: जोडी, लेखी संवाद, विरुद्ध मत, खूप सराव. यातलं नक्की काय कामाला आलं? आणि आपल्या दृष्टीनं मोठा प्रश्न, पन्नास-साठ मुलांच्या वर्गात आठवड्याला दोन तास कोण देणार? मी हा प्रश्न नाक मुरडायला विचारत नाही. पुढचं संशोधन इथेच आहे. संगणक नसेल तर एक कागद दोन बाकांमध्ये फिरवून लेखी वाद घालता येईल का? तीन वर्षांऐवजी तीन आठवड्यांत काय दिसेल? तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर खुशाल घ्या, माझ्याकडून परवानगी!

आपल्या वहीतला विरोधक

आपल्या मुलांना हे सगळं परकं आहे असं समजू नका. ‘विज्ञान: शाप की वरदान’ आपण सगळ्यांनी लिहिलाय. आम्ही इंग्रजीत ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’ही लिहायचो. एका बाजूचे मुद्दे चौकटीत दिलेले असायचे, आपण दुसऱ्या बाजूचा परिच्छेद लिहायचा. मी त्यात पटाईत होते. युक्ती सोपी: चौकटीतल्या प्रत्येक मुद्द्याचं उलटं करायचं. फायदा असेल तिथे तोटा. आज वाटतं, या लेखनप्रकारात दोन बाजू आहेत पण त्यांची गाठच पडत नाही. दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून बोलताहेत असं काहीसं. शाप-वरदानाचंही तेच. अर्धा निबंध शाप, अर्धा वरदान, आणि शेवटी ‘विज्ञानाचा योग्य वापर केला पाहिजे’.

याउलट शास्त्रग्रंथांची पद्धत आठवा. मीमांसेच्या अधिकरणात आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष आणि त्यानंतर सिद्धान्त. ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ असं मला मुळीच म्हणायचं नाही. ती पद्धत मूठभरांपुरती होती आणि शाळेच्या वर्गाशी तिचा संबंध नव्हता. पण क्रम बघण्यासारखा आहे. आपल्या निबंधात पहिलं वाक्य सिद्धान्ताचं असतं, पूर्वपक्ष दोन ओळींत उरकतो आणि संशयाला तर जागाच नसते. त्या मुलीच्या निबंधात संशय होता. तिला खरोखरच माहीत नव्हतं, आणि लिहिता लिहिता ती उत्तरापर्यंत गेली.

मग मी काय बदललं

रुब्रिक फेकून दिलेली नाही. फेकून दिली तर ‘मला आवडला तो निबंध चांगला’ एवढंच उरेल, आणि ते संशोधन नव्हे. तीन बदल केले.

एक, ‘विरोधी मुद्दा आहे का’ याऐवजी ‘तो मुद्दा समोरच्या माणसाला आपला वाटेल असा मांडलाय का’ असं केलं. ‘काही लोक म्हणतील नुकसान होतं’ याला आता एक गुण. नुकसान कसं होतं हे लिहिलं तर दोन.

दोन, त्या मुद्द्यामुळे लेखकाच्या मतात काही हललं का, यासाठी वेगळा रकाना. अट घातली, मर्यादा मान्य केली, मधला मार्ग काढला किंवा कारण देऊन मुद्दा नाकारला, यातलं काहीही चालेल. ‘साफ चुकीचं आहे’ एवढंच असेल तर शून्य.

तीन, भूमिका कुठल्या परिच्छेदात आहे हे बघणं बंद. शेवटी लेखक कुठे उभा आहे हे वाचकाला कळलं म्हणजे झालं.

नव्या रुब्रिकनं तपासताना आमचं एकमत पूर्वीसारखं जुळत नाही, हेही सांगायला हवं. ‘आपला वाटेल असा’ यावर मैत्रिणीचं आणि माझं रोज भांडण होतं. आधीचं मोजणं सोपं होतं आणि चुकत होतं. आताचं अवघड आहे. नमुना निबंध समोर ठेवून, चर्चा करून हे एकमत किती वाढवता येतं ते बघतेय. कदाचित एका मर्यादेपलीकडे वाढणार नाही. तसं झालं तर प्रबंधात तसंच लिहीन.

आणि नवी रुब्रिकही एक दिवस साचा होईल याची मला धास्ती आहे. मुलं हुशार असतात. ‘समोरच्याचा मुद्दा काही अंशी बरोबर आहे’ हे वाक्य गाइडांत छापून आलं, की पुढच्या वर्षी प्रत्येक निबंधात दिसेल. त्याला उत्तर म्हणून माझ्याकडे सध्या एवढंच आहे: रुब्रिकबरोबर प्रत्येक गठ्ठ्यातले काही निबंध तक्ता बाजूला ठेवून, नुसते वाचायचे. आणि मॅडमचा प्रश्न विचारायचा.

तुम्ही रिव्ह्यूसाठी पुढचा लेख वाचाल तेव्हा निष्कर्षाआधी ‘मापन’ किंवा ‘साधने’ हा भाग उघडा. कशाला गुण दिले, कुणाच्या लेखनाला दिले, आणि कशाला देताच आले नाहीत, हे तीन प्रश्न समासात लिहा. तिसऱ्याचं उत्तर लेखात नसतं, ते आपल्याला शोधावं लागतं. माझ्यासाठी ते गठ्ठ्यातल्या एका निबंधात होतं, ज्याला मी दहापैकी पाच दिले होते.

त्या मुलीला सांगणं शक्य नाही, कारण पायलटमध्ये नावं घेतलेली नव्हती. पुढच्या पोस्टमध्ये दोन तपासनिसांचं एकमत मोजायचं कसं, कप्पा म्हणजे काय आणि तो कधी फसवतो, याबद्दल लिहीन. तोवर तुमच्या रुब्रिका पाठवा. भांडूया!